पऱ्हाटीचा वास

हेमराजने दिलेली बाटली
दोन दिवाळ्या कुरडयांच्या डब्यामागे उभी होती
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, देव्हाऱ्याकडे पाठ करून.
मी येईन तेव्हा उघडू, म्हणाला होता.
त्याचं जहाज काही दोंडाईच्याच्या वाटेला लागेना.

पौषातली थंडी. पथारीवर मिरची वाळतेय,
सगळं गाव बारीक खोकतंय.
नणंदबाई देठ खुडून आल्या,
कोपरापर्यंत हात पेटलेले,
ओसरीवर टेकल्या न टेकल्या तोच म्हणाल्या,
ती बाटली लई ये वं. आज उघाडू.

आपल्याच पोराची बाटली, आई उघडते म्हणाली,
मी भावजय, मी काय बोलणार?
सत्तावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळ्या धुतल्या.
निरोपाला त्यांनी शाल दिली, श्रीफळ दिलं.
मोजपात्र मात्र मी माझं मीच आणलं,
पन्नास मिलीचं, तोंडाला तडा गेलेलं.

बूच निघालं.
कोकिळाबाईंनी नाक नेलं आणि तशाच थांबल्या.
काय माय, हाई ते भरीतना वास ई ऱ्हायना!

खरंच की.
पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी लोटावीत,
साल काळी होऊन फुटावी
आणि लुगड्याला तीन दिवस धूर राहावा, तसा.
बाटलीवरचं चित्र मी भिंगाखाली धरलं.
केकताड!
स्टेशनमागच्या तारेलगतचं,
ज्याच्या पानावर हेमराजने आठवीत
बाभळीच्या काट्याने नाव कोरलं होतं
आणि पान वाढलं तशी अक्षरं फाकत गेली.
तिकडे म्हणे त्याचा गड्डा खणून
खड्ड्यात निखाऱ्यावर पुरतात.
म्हंजे त्या बी भरीतवालाच शेतस, बाई म्हणाल्या,
आणि त्यांची परदेशाबद्दलची काळजी
तिथल्या तिथे निम्मी झाली.

त्याच्या चिठ्ठीत संत्र्याची कसलीशी दारू लिहिलेली.
आमच्याकडे मोसंबीची साल,
साखरेत चोळून दुपारभर उन्हात ठेवलेली.
बर्फाला फ्रीजमधल्या काळ्या मसाल्याचा वास.
हलवायला दुधाची किटली, झाकणावर फडकं,
बांगड्या आणि बर्फ एकाच तालात.
पेल्यांच्या काठाला मीठ लावायचं, मीठात तिखट.
तिखट घालू नको, त्या म्हणाल्या,
आणि नुसतं बोट काठावरून फिरवलं.

मग लिंबू पिळलं.
बोटांच्या भेगांत रस उतरला
आणि बाई ओठ चावून ओट्याला धरून राहिल्या.
तीस हंगाम हेच. तेल, ताक, राख,
कुणी सांगितलं तर शेणसुद्धा.
मला तेव्हा एकदम आठवलं,
फळ्यावर दरवर्षी सर लिहायचे,
मी दरवर्षी पुसायचे:
मिरचीची आग पाण्यात विरघळत नाही, मद्यात विरघळते.
तीस वर्षं मला हे माहीत होतं.
तीस वर्षं मी त्यांना ताक दिलं.

हात पुढे करा, म्हटलं.
पन्नास मिली. अगदी रेघेपर्यंत.
ओंजळीवर ओतलं.
हेमराजचा पगार, खड्ड्यातला धूर, सात समुद्र,
सगळं मोरीत गेलं.
आणखी पन्नास.

त्या बराच वेळ हाताकडे बघत बसल्या,
दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.
आग थांबनी वं.

उरलं ते आम्ही प्यालो.
मला आंबट लागलं, त्यांना मीठ कमी.
सुरतकडची गाडी गेली तेव्हा पेल्यांतला बर्फ जरा हलला.
बाईंनी दुसरा पेला मागितला, मी अर्धा दिला,
मोजून.

बाटली परत कुरडयांमागे.
पातळीवर मी पेन्सिलीने रेघ मारली,
सवय.
आला की विचारेल, एवढी कुठे गेली.
बाष्पीभवन, सांगू.
बाईंनी तो शब्द माझ्याकडून
चार वेळा म्हणून घेतलाय.